दोन घरचा पाहुणा : रॅपर लेक्रे आणि ख्रिस्ती हिप-हॉपचं जग

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत 'अनॉमली' नावाचा रॅपचा अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ८८ हजार प्रती खपल्या. 'बिलबोर्ड' हे तिथलं संगीत-व्यवसायाचं नियतकालिक दर आठवड्याला खपाच्या याद्या काढतं. सगळ्या संगीताची मिळून एक मोठी यादी, आणि शिवाय प्रकारांनुसार वेगवेगळ्या याद्या : कंट्री, रॉक, रॅप, गॉस्पेल (म्हणजे काळ्या चर्चचं भक्तिसंगीत). 'अनॉमली' त्या आठवड्यात मोठ्या यादीतही पहिला होता आणि गॉस्पेलच्या यादीतही पहिला. एकच अल्बम एकाच वेळी या दोन्ही ठिकाणी पहिला, हे त्याआधी कधीच घडलं नव्हतं.

अल्बम होता लेक्रे डेव्हॉन मूर याचा. सगळे त्याला नुसतं लेक्रे म्हणतात. लहानपणी बाप नाही, तरुणपणी ड्रग्ज, मग देवाची ओढ, मग यश, अशी त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धीच आहे. मला त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो : ज्या लोकांनी त्याची ही गोष्ट ऐकून त्याला डोक्यावर घेतलं, त्यांतल्या कितीतरी जणांनी त्याने पुढची गोष्ट सांगायला घेतल्यावर पाठ फिरवली. ते का झालं हे कळायला आधी अमेरिकेतला धार्मिक संगीताचा बाजार कसा चालतो ते पाहावं लागेल.

एका देवाचे दोन बाजार

अमेरिकेत ख्रिस्ती संगीत हा स्वतंत्र धंदा आहे. त्याच्या वेगळ्या रेकॉर्ड कंपन्या आहेत, वेगळी रेडिओ स्टेशनं आहेत, वेगळ्या संगीत यात्रा निघतात. बायबल, धार्मिक पुस्तकं आणि भक्तिगीतांच्या सीडी विकणारी वेगळी दुकानं होती. पुरस्कारही वेगळे आहेत; १९६९ पासून 'डव्ह अवॉर्ड्स' दिले जातात. एखादा गायक या बाजारात प्रचंड लोकप्रिय असू शकतो आणि बाहेरच्या माणसाने त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

या बाजारातही पुन्हा दोन खोल्या आहेत. काळ्या लोकांच्या चर्चमधून आलेलं ते गॉस्पेल. गुलामगिरीच्या काळातल्या आर्त गाण्यांपासून चालत आलेली, टाळ्या, हाका आणि सामुदायिक गायनाची ही परंपरा. दुसरी खोली गोऱ्या 'इव्हँजेलिकल' मंडळींची. इव्हँजेलिकल म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणारे, प्रत्येकाने स्वतः येशूला स्वीकारून 'नवा जन्म' घेतला पाहिजे यावर भर देणारे प्रॉटेस्टंट. त्यांचं संगीत गिटारवरचं, पॉप-रॉकच्या वळणाचं. बायबल एकच, येशू एकच, पण रविवारी सकाळी बसायच्या जागा वेगळ्या. अमेरिकेत रविवारी सकाळी अकराचा तास हा सर्वाधिक वर्णभेदी तासांपैकी एक असतो, असं मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६० मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हटलं होतं.

हिप-हॉप, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे ते संगीत, या दोन्ही खोल्यांच्या बाहेर जन्मलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास, गरीब काळ्या आणि लॅटिनो मुलांच्या पार्ट्यांमधून. चर्चला ते बराच काळ सैतानाचं संगीत वाटलं. तरी १९८५ मध्ये स्टीफन वायली यांचं 'बायबल ब्रेक' आलं. बायबलमधल्या पुस्तकांची नावं मुलांच्या तोंडी बसावीत म्हणून केलेला हा साधा रॅप ख्रिस्ती रॅपच्या पहिल्या व्यावसायिक प्रयत्नांमध्ये गणला जातो. नव्वदच्या दशकात फिलाडेल्फियाच्या 'क्रॉस मूव्हमेंट' या गटाने पुढची मजल मारली आणि थेट धर्मशास्त्र रॅपमध्ये आणलं. पण चर्चवाले म्हणत, हे संगीत आमचं नाही. हिप-हॉपवाले म्हणत, हे रॅप आमचं नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी या कलाकारांची गत होती. लेक्रे आला तो या परिस्थितीत.

गाडीतलं बायबल

लेक्रेचा जन्म ९ ऑक्टोबर १९७९ चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. वडील व्यसनाधीन होते आणि घरात नव्हते. आईने एकटीने वाढवलं. ह्यूस्टन, डेन्व्हर, सॅन डिएगो, डॅलस अशी बालपणात फिराफिर झाली. लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला हे त्याने पुढे आत्मचरित्रात स्वतः लिहिलं आहे. घरात बाप नसलेल्या या मुलाने वागायचं कसं, बोलायचं कसं, पुरुष म्हणजे काय, हे रॅपरांकडून उचललं. टुपाक शकूर हा त्याचा आदर्श होता. पुढे टोळीचं वेड, चोऱ्यामाऱ्या, ड्रग्ज घेणं आणि विकणंही सुरू झालं.

आजी मात्र धार्मिक होती. तिने दिलेलं बायबल तो विकायचा माल न्यायच्या वेळी जवळ ठेवायचा, शुभशकुनासारखं. एकदा पोलिसांनी त्याला पकडलं. ड्रग्ज सापडले आणि गाडीत बायबलही सापडलं. त्या अधिकाऱ्याने विचारलं, हे इथे कशाला? आणि यात लिहिलंय तसा जगशील असं वचन घेऊन त्याला सोडून दिलं. हा प्रसंग तो नेहमी सांगतो. अमेरिकेत त्या वयाच्या काळ्या मुलाच्या बाबतीत अशी घटना सहसा कशी संपते हे ठाऊक असेल, तर त्या सुटकेचं मोल कळतं.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो अटलांटाच्या एका ख्रिस्ती संमेलनाला गेला. तिथे त्याला पहिल्यांदा आपल्यासारखीच मुलं दिसली. तसेच कपडे, तशीच भाषा, कुणी टोळीतून आलेला, कुणी रॅप करणारा, आणि तरीही येशूवर मनापासून प्रेम करणारी. देवाचं व्हायचं तर आपण आपलेपण सोडून गुळगुळीत व्हायला हवं, असं त्याला तोवर वाटत होतं. त्या संमेलनात जेम्स व्हाइट या वक्त्याने बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन समजावून सांगितलं : तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात. कुणीतरी आपल्यासाठी किंमत मोजली, म्हणजे आपल्याला किंमत आहे, हा विचार बापाने टाकलेल्या त्या मुलाच्या काळजाला भिडला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही, आणि त्याने तसा आवही कधी आणला नाही. जुन्या सवयींकडे तो पुन्हा पुन्हा घसरला. महामार्गावर त्याची गाडी उलटून चक्काचूर झाली आणि तो खरचटल्याशिवाय बाहेर आला, तेव्हा कुठे निश्चय पक्का झाला. तो डेंटन गावातल्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठात शिकला. त्याच काळात बालगुन्हेगारांना ठेवतात तिथे तो स्वयंसेवक म्हणून जाऊ लागला. तिथल्या मुलांना उपदेशाचे शब्द नवे नव्हते. पण लेक्रेने आपली गोष्ट त्यांच्याच भाषेत, रॅपमध्ये सांगितली तेव्हा ती मुलं लक्ष देऊन ऐकू लागली, रडू लागली. इथूनच त्याला आपलं काम सापडलं.

रॅपमध्ये किती मावतं

२००४ मध्ये लेक्रे आणि त्याचा मित्र बेन वॉशर यांनी 'रीच रेकॉर्ड्स' काढली. त्या वर्षी 'रियल टॉक' हा पहिला अल्बम आला, दोन वर्षांनी 'आफ्टर द म्युझिक स्टॉप्स'. त्यांच्याभोवती रॅपरांचा एक कंपू जमला : टेडॅशी, ट्रिप ली, शो बराका, नंतर केबी आणि अँडी मिनिओ. या कंपूचं नाव '११६'. हा आकडा रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सोळाव्या वचनाचा : मला सुवार्तेची लाज वाटत नाही. तरुण पोरांच्या दंडावर आणि टी-शर्टवर हा आकडा दिसू लागला.

रॅप आणि प्रवचन यांची जोडी इतकी चांगली का जमते, याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे. चर्चमधल्या पारंपरिक गीतात चार-पाच कडवी असतात, चाल संथ असते, शब्द मोजके असतात. त्यात स्तुती मावते, याचना मावते. मुद्देसूद विवेचन मावत नाही. रॅपमध्ये साधारण सोळा ओळींचं एक कडवं, अशी दोन-तीन कडवी, आणि ओळींत शब्द ठासून भरलेले. तीन-चार मिनिटांत काहीशे शब्द सहज जातात. म्हणजे एखादा सिद्धान्त मांडून, त्यावरच्या शंका घेऊन, उत्तर देऊन, वर स्वतःचा अनुभवही सांगता येतो. ठेका आणि यमक असल्यामुळे ते सगळं पाठही होतं. २००७ मध्ये '११६' मंडळींनी '१३ लेटर्स' नावाचा अल्बम केला. प्रेषित पौलाच्या नावावरची, बायबलच्या नव्या करारातली तेरा पत्रं रॅपमधून समजावून देणारा. हे इतर कुठल्याही गाण्याच्या प्रकारात जमलं असतं असं मला वाटत नाही.

मराठी वाचकाला यात फार परकं वाटू नये, कारण हा प्रश्न आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता. मिशनऱ्यांनी आणलेली गीतं मराठीत उतरवलेली होती, पण चाली आणि घाट विलायती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तेव्हाच्या अहमदनगरला राहून येशूची भक्ती अभंगांत आणि ओव्यांत आणली, ख्रिस्ती कीर्तनं केली. गोव्यात तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्येच ओवीबद्ध करून छापलं होतं. ज्या लोकांना सांगायचं त्यांच्या कानाला जे वळण आधीपासून प्रिय आहे, त्याच वळणात सांगायचं, ही टिळकांची धारणा होती. मराठी चर्चमध्ये आजही टिळकांची गीतं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून गायली जातात. ह्यूस्टन-डॅलसच्या वस्त्यांमध्ये अभंगाच्या जागी रॅप होता.

२००८ चा 'रेबेल' बिलबोर्डच्या गॉस्पेल यादीत पहिला आला; ख्रिस्ती हिप-हॉपच्या अल्बमने हे पहिल्यांदाच साधलं. या काळात लेक्रेला उचलून धरलं ते मुख्यतः गोऱ्या इव्हँजेलिकल जगाने. मिनिआपोलिसचे प्रख्यात पाळक जॉन पायपर यांच्या पुस्तकावरून त्याला 'डोन्ट वेस्ट युअर लाइफ' हे गाणं सुचलं, पायपर यांच्या संस्थेबरोबर त्याचा दौराही झाला. काटेकोर सिद्धान्त सांगणारा, गोऱ्या पाळकांची पुस्तकं वाचणारा, टोळीतून आलेला काळा रॅपर. कॉलेजांतल्या ख्रिस्ती गटांना हे मिश्रण फार आवडलं.

सगळ्यांनाच आवडलं असं नाही. २०१३ मध्ये एका परंपरावादी चर्च-संघटनेच्या परिसंवादात एका वक्त्याने ख्रिस्ती रॅपरांना 'आज्ञाभंग करणारे भेकड' म्हटलं. त्यावर इतकी टीका झाली की नंतर त्याने माफी मागितली. मंचावर बसलेल्यांचा आक्षेप शब्दांना नव्हता, ठेक्याला होता. एखादा ठेका मुळातच पापी असतो, या म्हणण्यात तो ठेका ज्यांच्यातून आला त्या माणसांबद्दलचं मतही दडलेलं असतं, आणि तेवढ्यासाठी तरी त्याचा प्रतिवाद व्हायलाच हवा होता.

आठ सुरांचा खटला

इथे थोडं आडवळण घेतो. ख्रिस्ती रॅपचं नाव बाहेरच्या जगात ज्या कारणाने सर्वांत जास्त गाजलं, ते एक न्यायालयीन प्रकरण होतं आणि लेक्रे त्याच्या काठावर होता.

सेंट लुइसचा रॅपर फ्लेम याचं २००८ चं 'जॉयफुल नॉइझ' हे गाणं. त्यात लेक्रेचाही आवाज आहे. २०१३ मध्ये पॉप गायिका केटी पेरीचं 'डार्क हॉर्स' आलं आणि जगभर गाजलं. दोन्ही गाण्यांत पार्श्वभूमीला सुरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. २०१४ मध्ये दावा दाखल झाला, सुरुवातीच्या वादींमध्ये लेक्रेही होता. पुढे तो बाहेर पडला. तक्रारीत केवळ चोरीचा आरोप नव्हता. केटी पेरीच्या व्हिडिओतल्या जादूटोण्याच्या चित्रांमुळे आमच्या भक्तिगीताला डाग लागला, असंही त्यात म्हटलं होतं. २०१९ मध्ये ज्युरीने फ्लेमच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे २७ लाख ८० हजार डॉलर भरपाई ठरवली. मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. मुद्दा असा होता की आठ सुरांचा तो क्रम इतका प्राथमिक आहे की त्यावर कुणाचीच मालकी सांगता येणार नाही. उद्या असे तुकडे मालकीचे झाले तर नवं संगीत करणंच अवघड होईल. मला हा निकाल योग्य वाटतो, फ्लेमबद्दल आदर असूनही.

कुठल्या फळीवर ठेवायचं?

२०११ च्या सुमाराला लेक्रेने दिशा बदलली. त्या वर्षी तो 'बीईटी' या काळ्या प्रेक्षकांच्या वाहिनीच्या हिप-हॉप पुरस्कार सोहळ्यात इतर रॅपरांबरोबर आळीपाळीने रॅप करताना दिसला. मे २०१२ मध्ये त्याने 'चर्च क्लोद्स' ही मिक्सटेप इंटरनेटवर फुकट टाकली. मिक्सटेप म्हणजे दुकानात न विकता थेट चाहत्यांत सोडलेला गाण्यांचा संच. हिप-हॉपमध्ये स्वतःची ओळख करून देण्याचा हा रूढ मार्ग. तिचा यजमान होता डॉन कॅनन, जो चर्चच्या वर्तुळातला नव्हे तर मुख्य धारेतला नावाजलेला डीजे. दोन दिवसांच्या आत ती लाखभर वेळा उतरवून घेतली गेली. शीर्षकगीतात चर्चमधल्या दांभिकपणावर बोट ठेवणारा एक माणूस बोलतो. त्याच्या तक्रारींत तथ्यही आहे आणि पळवाटही, आणि लेक्रे दोन्ही ऐकवतो.

जुने चाहते बिथरले. प्रत्येक गाण्यात येशूचं नाव का नाही? लेक्रेची भूमिका अशी होती की मी ख्रिस्ती आहे आणि मी रॅपर आहे. माझ्या श्रद्धेतून मी सगळ्या जगाकडे बघतो, पण माझ्या संगीताला 'ख्रिस्ती' अशी चिठ्ठी लावू नका. बाहेरून हा शब्दच्छल वाटतो. धंद्याच्या बाजूने पाहिलं की त्यातलं गांभीर्य कळतं. ती चिठ्ठी लागली की तुमची सीडी ठरावीक फळीवर जाते, गाणं ठरावीक रेडिओवरच वाजतं, आणि ज्या वस्तीतून तुम्ही आलात तिथल्या मुलापर्यंत ते पोचतच नाही. ती काढली तर जो बाजार तुमचं घर चालवतो तो तुमच्या निष्ठेवर संशय घेतो.

त्याच वर्षी आलेल्या 'ग्रॅव्हिटी'ने मोठ्या यादीत तिसरा क्रमांक मिळवला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी पटकावलं. त्या विभागात हिप-हॉप कलाकाराला मिळालेलं ते पहिलंच ग्रॅमी. मग 'अनॉमली'.

'अनॉमली'त 'गुड, बॅड, अग्ली' नावाचं गाणं आहे. ख्रिस्ती झाल्यानंतरच्या काळात आपण आपल्या प्रेयसीला गर्भपाताकडे ढकललं, कारण आपल्याला आपल्या स्वप्नांची काळजी होती, हे तो त्यात सरळ सांगतो. पुढच्या भागात लहानपणी स्वतःवर झालेला अत्याचार येतो. एका बाजूला स्वतः केलेला अपराध, दुसऱ्या बाजूला स्वतः सोसलेला, आणि दोन्ही एकाच गाण्यात शेजारी. चर्चमध्ये 'साक्ष' देण्याची प्रथा आहे : मी असा होतो, देवाने मला असं केलं. त्यात वाईट गोष्टी सहसा देव भेटण्याच्या आधीच्या असतात. लेक्रेने नंतरचीही सांगितली. माझ्या दृष्टीने ते त्याचं सर्वांत धाडसी गाणं आहे.

फर्ग्युसननंतर

९ ऑगस्ट २०१४ रोजी मिझुरीतल्या फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र काळा मुलगा गोऱ्या पोलिसाच्या गोळीने मेला. बरोबर एका महिन्याने 'अनॉमली' बाजारात आला. लेक्रे यशाच्या शिखरावर होता आणि त्याला बोलायचं होतं. त्याने 'बिलबोर्ड'मध्ये लेख लिहिला, समाजमाध्यमांवर आपलं दुःख मांडलं.

ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांच्यातूनच उत्तरं आली : राजकारण कशाला करतोस, फक्त येशूबद्दल बोल. ४ जुलै २०१६ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने कापसाच्या शेतातल्या गुलामांचं छायाचित्र टाकलं आणि ४ जुलै १७७६ रोजी माझं कुटुंब इथे होतं अशा अर्थाची ओळ लिहिली. शिव्यांचा पाऊस पडला. तू आमच्यात फूट पाडतोस, आम्ही तुझं संगीत ऐकणं सोडलं, असं लोकांनी कळवलं. त्याच आठवड्यात आल्टन स्टर्लिंग आणि फिलँडो कॅस्टील हे आणखी दोन काळे पुरुष पोलिसांच्या गोळ्यांनी मेले.

इथे मघाचे दोन बाजार आठवले की गोष्ट उलगडते. त्याच्या श्रोत्यांत गोरे इव्हँजेलिकल फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्या परंपरेत पाप आणि तारण या मुख्यतः एकेका माणसाच्या गोष्टी आहेत. ड्रग्ज विकणारा मुलगा बदलला, ही गोष्ट त्या चौकटीत चपखल बसते. पण कायदा, पोलीस, शाळा, घरं यांच्या रचनेतही पाप असू शकतं, हे काळ्या चर्चने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं सत्य त्या चौकटीत बसत नाही. लेक्रेने विषय सोडून भलतंच काही काढलं नव्हतं. तो काळ्या चर्चचा विषय गोऱ्या चर्चच्या अंगणात मांडत होता.

सप्टेंबर २०१७ मध्ये कोलंबिया या बड्या कंपनीच्या साथीने त्याचा 'ऑल थिंग्ज वर्क टुगेदर' आला. काही दिवसांनी 'ट्रुथ्स टेबल' या काळ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या पॉडकास्टवर तो म्हणाला की गोऱ्या इव्हँजेलिकल जगाशी असलेली आपली नाळ सुटत चालली आहे. बोलणं संयमी होतं, पण बातमी झाली. जॉन पायपर यांनी दीर्घ उत्तर लिहिलं. त्यात राग नव्हता, व्यथा समजून घ्यायचा प्रयत्न होता. सगळे तसे वागले नाहीत.

या वर्षांत तो आतून कोसळत होता. नैराश्य आलं, चर्चवरचा विश्वास उडाला, श्रद्धाच सुटेल की काय अशी वेळ आली. आधाराला माणसं होती, समुपदेशन घेतलं, आणि हळूहळू तो सावरला. २०२० मध्ये 'रिस्टोरेशन' हा अल्बम आणि त्याच विषयावरचं पुस्तक आलं. चर्चमध्ये आजही अनेकदा मानसिक आजारावर प्रार्थना कमी पडली असं उत्तर मिळतं. एवढ्या नावाजलेल्या माणसाने मला उपचारांची गरज होती आणि मी ते घेतले हे उघड सांगणं, याचा उपयोग किती जणांना झाला असेल.

२०२० चाच एक प्रसंग. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर देश पेटलेला होता. जूनमध्ये अटलांटाच्या एका मोठ्या चर्चमध्ये वंशभेदावर चर्चा झाली : पाळक लुई गिग्लिओ, चिक-फिल-ए या खाद्यपदार्थांच्या साखळीचे प्रमुख डॅन कॅथी आणि लेक्रे. बोलता बोलता कॅथी उठले, ब्रश घेऊन खाली बसले आणि पश्चात्तापाची खूण म्हणून लेक्रेचे बूट पुसू लागले. त्याच चर्चेत गिग्लिओ यांनी गुलामगिरीतून गोऱ्यांना मिळालेल्या फायद्याला 'गोऱ्यांना लाभलेला आशीर्वाद' असं काहीसं म्हटलं. त्यावर मोठं वादळ उठलं आणि त्यांनी माफी मागितली. लेक्रेवरही टीका झाली : तू तिथेच का नाही बोललास? त्याने सांगितलं की आपल्याला अवघडल्यासारखं झालं होतं, आणि आपण गिग्लिओंशी नंतर खासगीत बोललो. चित्रफीत पाहताना मला त्याचं गप्प बसणं समजतं. एकाने गुडघ्यावर बसून बूट पुसलेले, कॅमेरे चालू, आणि समोरच्यांचा हेतू चांगला आहे हेही दिसतंय. अशा वेळी त्या भरलेल्या मंचावर योग्य वाक्य सुचणं कुणालाही कठीण.

त्यानंतर तो दोन्हीकडच्या टीकेसह काम करत राहिला. डिसेंबर २०२० मध्ये जॉर्जियातल्या सिनेट निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या सभेत गायला म्हणून पुन्हा जुने चाहते तुटले. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चर्च क्लोद्स ४' आला. चर्चमुळे दुखावलेल्यांना त्यात तो सांगतो की तुमचा राग खरा आहे, आणि मी तरीही येशूला सोडलेलं नाही. २०२४ च्या ग्रॅमीत या अल्बमला सर्वोत्कृष्ट समकालीन ख्रिस्ती अल्बमचा पुरस्कार मिळाला, आणि टाशा कॉब्स लेनर्डबरोबरच्या 'युअर पॉवर'लाही मिळाला. २०१५ मध्ये 'मेसेंजर्स'साठी मिळालेलं धरून एकूण चार ग्रॅमी झाली.

ऐकायचं असेल तर सुरुवात 'अनॉमली'तल्या 'वेलकम टू अमेरिका'पासून करावी. तीन कडवी, तीन माणसं : गरीब वस्तीतला काळा मुलगा, युद्धावरून परतलेला सैनिक, आणि बाहेरच्या देशातून अमेरिकेत पोचू पाहणारा मजूर. तिघांनाही अमेरिकेने काहीतरी कबूल केलेलं आहे. शब्द भराभर जातात, म्हणून पहिल्या वेळी गीताचे बोल समोर ठेवावेत. मग 'गुड, बॅड, अग्ली'. आणि त्यानंतर मागे जाऊन २००८ चा 'रेबेल' ऐकावा, म्हणजे पायपरांच्या पुस्तकांनी भारलेला तो तरुण लेक्रे किती ठाम बोलायचा हे कळेल.